टाकीत माणूस उतरवण्याआधी

ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) संप म्हणजे सांडपाणी साठवण्याचा खड्डा, डिस्टिलरीतला फर्मेंटर (किण्वनाची टाकी), सॉल्व्हंटची (द्रावकाची) टाकी, सोसायटीची सेप्टिक टँक, शेतातली वापरात नसलेली विहीर. वरून डोकावले तर या सगळ्या जागा रिकाम्याच दिसतात. झाकण उघडले, उजेड टाकला, तळाला वीतभर गाळ दिसला, की सुपरवायझर म्हणतो, 'दहा मिनिटांचं काम आहे, उतर.' बंदिस्त जागेतल्या बहुतेक अपघातांची सुरुवात याच वाक्याने होते. हे दहा मिनिटांचे काम नीट करायचे तर आधी दीड-दोन तास तयारी लागते. ती तयारी काय असते ते पुढे सांगितले आहे.

पहिला प्रश्न मात्र वेगळाच: माणूस उतरायलाच हवा का? गाळ सक्शन टँकरने किंवा वरून सोडलेल्या स्लज पंपाने निघतो. टाकीच्या भिंती फिरत्या नोझलच्या जेटने धुता येतात. वेल्डिंगचे सांधे कॅमेरा सोडून पाहता येतात. सेप्टिक टँक आणि गटारांच्या बाबतीत तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार संरक्षक साधने आणि खबरदारीशिवाय गटाराची किंवा सेप्टिक टँकची हाताने सफाई करून घेता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे नगरपालिकेला लागू आहे, ठेकेदाराला आहे आणि बाहेरून दोन माणसे बोलावणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. सोसायटीने टँकर बोलावावा. इतर पर्यायांचा विचारही करू नये. पुढचे सगळे कारखान्यांसाठी आहे, जिथे काही कामे आत उतरल्याशिवाय खरोखरच होत नाहीत.

आत काय असते

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर गेला तर प्रवेश नाही. तो कमी होतो कशाने? आत गंज चढत असेल तर गंजच ऑक्सिजन खातो. लोखंडी टाकी ओली करून महिनाभर बंद ठेवली, तर कोणतेही रसायन नसताना ती घातक होऊ शकते. गाळातले जिवाणू ऑक्सिजन वापरतात. आणि नायट्रोजनने पर्ज केलेल्या, म्हणजे नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर काढलेल्या, रिअॅक्टरमध्ये तो जवळपास नसतोच. अशा रिअॅक्टरच्या मॅनहोलमध्ये नुसते डोके घातले तरी एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. गुदमरल्यासारखे वाटत नाही, कारण गुदमरण्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही. म्हणूनच माणूस ओरडत नाही, कलंडतो.

सांडपाण्याच्या टाक्यांत मुख्य शत्रू हायड्रोजन सल्फाइड. हा वायू हवेपेक्षा थोडा जड, म्हणून तळाशी बसतो. सडक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. कामगार सांगतो, 'आता वास गेला, हवा साफ झाली.' प्रत्यक्षात प्रमाण वाढलेले असते. ५०० च्या पुढे शुद्ध हरपते आणि १००० च्या आसपास पहिल्या काही श्वासांतच माणूस कोसळतो. शिवाय हा वायू गाळात अडकून बसतो. वरून मोजल्यावर मीटर शून्य दाखवतो आणि आत गेलेल्याने फावडे मारले की गाळातून तो एकदम सुटतो. पहिले मोजमाप चांगले आल्यावर अर्ध्या तासाने अपघात होण्याचे कारण बहुधा हेच असते.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आणि नाशिककडच्या वायनरीज यांचा धोका निराळा. किण्वनातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड असतो आणि नेहमीच्या चार वायूंच्या (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड) मीटरला तो दिसतच नाही. तिथे त्याचा वेगळा सेन्सर असलेला मीटर हवा.

गावाकडे विहिरीत कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर ऑक्सिजन फारच कमी आहे, इतके कळते. जळत राहिला तर काहीच कळत नाही: हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड जीव घेण्याइतका असतानाही ज्योत शांत जळते. मिथेन असेल तर स्फोट. विहिरीच्या तळाशी डिझेल इंजिन चालवून पाणी उपसले असेल, तर तिथे कार्बन मोनॉक्साइडच साठलेला असणार. कंदिलाची रीत सोडून द्या.

आधी टाकी तोडा

'तोडा' म्हणजे बाकी प्लँटपासून अलग करा. व्हॉल्व्ह बंद करून त्याला साखळी लावणे पुरेसे नाही. व्हॉल्व्ह आतून गळतात आणि बाहेरून ते दिसत नाही. फ्लँज (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या चकत्या) सोडवून पाइपचा तुकडा काढा किंवा फ्लँजमध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी भरीव चकती, घाला. ब्लाइंडला बाहेर दिसणारी दांडी ठेवा आणि त्यावर क्रमांक टाका. विसरल्या जाणाऱ्या लाइन ठरलेल्या आहेत: नायट्रोजन, व्हेंट हेडर (टाक्यांतले वायू बाहेर नेणारा सामाईक पाइप), ओव्हरफ्लो, ड्रेन आणि स्टीम. दोन टाक्यांचा व्हेंट एकाच स्क्रबरकडे (वायू धुऊन साफ करणाऱ्या यंत्राकडे) जात असेल, तर शेजारच्या टाकीतला वायू व्हेंटमधून उलटा येतो. पी अँड आयडी ड्रॉइंगवर (पाइप आणि उपकरणांच्या नकाशावर) विसंबू नका. टाकीभोवती फिरून प्रत्येक नोझलला हात लावा, मोजा आणि तेवढे ब्लाइंड भरले का ते पाहा.

अॅजिटेटरचे (टाकीतल्या ढवळणीचे) बटण बंद करून चालत नाही. एमसीसी पॅनेलवर (मोटरींच्या वीज नियंत्रणाच्या पॅनेलवर) आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, पाडा, त्याला कुलूप घाला, टॅग लावा आणि मग स्थानिक स्टार्ट बटण दाबून मोटर खरेच फिरत नाही ना हे तपासा. आत जाणारा प्रत्येक जण आपले स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चौघांसाठी सुपरवायझरचे एकच कुलूप लावले, तर तीन जण बाहेर आल्यावर ते निघण्याचा धोका राहतो.

हवा खेळवणे

झाकण उघडे ठेवणे म्हणजे वायुवीजन नव्हे. ब्लोअर लागतो आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ३ मीटर व्यासाची, ४ मीटर उंचीची टाकी धरा. आकारमान साधारण २८ घनमीटर. तासाला किमान २० वेळा हवा बदलायची तर तासाला ५६५ घनमीटर हवा हवी, म्हणजे सुमारे ३३५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). ब्लोअरच्या पाटीवरचा आकडा धरू नका. डक्ट लांब झाला, त्याला वळणे पडली, की प्रवाह बराच घटतो. डक्टच्या तोंडाशी अॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे यंत्र) धरा. २०० मिलिमीटर व्यासाच्या डक्टमधून सेकंदाला ६ मीटर वेग मिळाला तर तासाला सुमारे ६८० घनमीटर हवा येते, चालेल. प्रवेशाआधी टाकीच्या आकारमानाच्या साडेसातपट हवा आत गेली पाहिजे. या उदाहरणात त्याला १९ मिनिटे लागतात. २० धरा.

डक्टचे तोंड तळापासून साधारण अर्ध्या मीटरवर न्या. वरच सोडले तर ताजी हवा मॅनहोलमधून लगेच परत फिरते आणि तळ जसाच्या तसा राहतो. ब्लोअरची हवा ओढण्याची बाजू डिझेल जनरेटर, उभा ट्रक किंवा दुसऱ्या व्हेंटजवळ नको, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आपणच पाइपने आत पाठवतो. ज्वलनशील बाष्प असेल तर ब्लोअर फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर पडू न देणारा) आणि डक्ट अर्थिंग केलेला हवा. 'हवा कमी वाटते' म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन कधीही सोडू नका; ऑक्सिजन वाढला की तेलकट कपडेही ठिणगीने भडकतात. याच कारणासाठी गॅस कटिंगचे होज चहाच्या सुट्टीत टाकीत ठेवायचे नाहीत. कटिंगची टॉर्च बाहेर काढायची आणि सिलिंडर बाहेरून बंद करायचे.

मोजणी

मीटर ताज्या हवेत सुरू करा, शून्यावर आणा आणि टेस्ट गॅसने बंप टेस्ट घ्या, म्हणजे थोडा गॅस देऊन सेन्सर प्रतिसाद देतो का ते पाहा. कॅलिब्रेशनचे स्टिकर चालू मुदतीचे असले तरी सेन्सर मेलेला असू शकतो. सिलिकॉन स्प्रेने एलईएल सेन्सर (एलईएल म्हणजे वायू पेट घेऊ शकेल असे हवेतले किमान प्रमाण) निकामी होतो आणि निकामी सेन्सर मोठ्या आत्मविश्वासाने शून्य दाखवतो.

क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी वायू. एलईएलचा सेन्सर ऑक्सिजनशिवाय नीट चालत नाही, म्हणून नायट्रोजन भरलेल्या टाकीतले त्याचे 'शून्य' निरर्थक असते. झाकण पूर्ण उघडण्याआधी फटीतून नळी घालून पहिले मोजमाप घ्या. मग वर, मध्ये, तळाशी. खोल टाकीत दर सव्वा मीटरला. नळीतून हवा वर यायला मीटरमागे साधारण ३ सेकंद लागतात आणि त्यानंतर सेन्सर स्थिरावायला वेळ लागतो. १० मीटर नळी असेल तर प्रत्येक पातळीवर दोन-अडीच मिनिटे थांबा. नळी झरझर खाली सोडून पाच सेकंदांत आकडा लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे.

ब्लोअर सुरू असतानाचे आकडे वेगळे आणि १० मिनिटे बंद केल्यावरचे वेगळे. दोन्ही घ्या. बंद केल्यावर आकडे बिघडले तर कुठून तरी वायू येतोच आहे. स्रोत सापडेपर्यंत परमिट (प्रवेशाचा लेखी परवाना) नाही.

स्वीकारार्ह आकडे असे: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या १० टक्क्यांच्या आत, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम होती. प्रवेशासाठी ३५ वरच थांबलेले बरे. हे आकडे वाचतानाही दोन सापळे आहेत.

पहिला सापळा ऑक्सिजनचा. मीटर १९.९ दाखवतो, अलार्म वाजत नाही आणि सगळे खूश. पण ऑक्सिजन १ टक्का घटला याचा अर्थ हवेची जागा दुसऱ्या कशाने तरी सुमारे ५ टक्के व्यापली आहे. ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. तो नायट्रोजन असेल तर निभावेल. कार्बन डायऑक्साइड असेल तर ४०,००० लाच जिवाला तातडीचा धोका मानतात. २०.९ पेक्षा कमी आले की 'मग बाकी काय आहे?' याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही.

दुसरा सापळा सॉल्व्हंटचा. एलईएलचा १० टक्के हा आकडा आगीसाठी आहे, श्वासासाठी नाही. टोल्युइनच्या एलईएलचे १० टक्के म्हणजे हजाराहून अधिक पीपीएम, आणि टोल्युइनला ५०० पीपीएमच जिवाला तातडीचा धोका मानला जातो. त्यात मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर टोल्युइनसारख्या बाष्पाला तो कमी दाखवतो. खरे प्रमाण दुपटीच्या घरात असू शकते. सॉल्व्हंटच्या टाकीसाठी पीआयडी मीटर (सेंद्रिय बाष्प पीपीएममध्ये मोजणारा) आणा. नाहीतर बाहेरून हवा पुरवणारा श्वसनसंच घालूनच उतरा.

परमिट आणि कायदा

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ ने मूळ चौकट घालून दिली: धोकादायक वायूची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत पुरेशा आकाराचे मॅनहोल हवे; वायू काढण्याचे शक्य ते सर्व उपाय झालेले हवेत; आणि सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारित लेखी दाखला हवा, किंवा आत जाणाऱ्याने श्वसनसंच आणि पट्टा घातलेला हवा, ज्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. कलम ३६-अ ने पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय २४ व्होल्टच्या वरचे हातदिवे आणि विजेची उपकरणे आत नेण्यास मनाई केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाऐवजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. संहितेनुसार कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. आमच्या मते कलम ३६ ची चौकट परमिटच्या फॉर्मवर तशीच ठेवावी; त्याहून नेमके कोणी लिहिलेले नाही.

'स्वतः केलेल्या चाचणीवर' हे शब्द महत्त्वाचे. केबिनमध्ये बसून, हेल्परने सांगितलेले आकडे लिहून सही केलेला दाखला हा दाखला नव्हेच. अपघातानंतर चौकशीत पहिल्यांदा पाहिले जातात ते जुने परमिट. महिनाभर प्रत्येक परमिटवर २०.९, ०, ०, ० असेल, वेळ लिहिलेली नसेल, मीटरचा अनुक्रमांक नसेल, नावांच्या जागी 'ठेकेदाराची ४ माणसे' असेल, तर वाचणाऱ्याला सगळे समजते.

परमिटवर हवे ते इतकेच: टाकीचा क्रमांक आणि आधी त्यात काय होते, ब्लाइंडची आणि कुलपांची यादी, मोजमापे, त्यांची वेळ आणि पातळी, आत जाणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि आत-बाहेरच्या वेळा, बाहेरच्या पहारेकऱ्याचे नाव, सुटकेची साधने जागेवर असल्याची खूण. मुदत एका पाळीपुरती. पाळी बदलली, अलार्म वाजला, किंवा सगळे अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिले, तर पुन्हा मोजणी. आत असताना सतत चालणारा मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर, नाकाजवळ हवा, कमरेला नाही.

बाहेरचा माणूस

टाकीच्या तोंडाशी बसणारा पहारेकरी हे सर्वांत स्वस्त मजुराला द्यायचे काम नाही, पण बहुतेक ठिकाणी तसेच होते. नवा पोरगा बसवतात आणि मध्येच त्याला पाना आणायला स्टोअरला पाठवतात. पहारेकऱ्याला दुसरे कोणतेही काम नाही. आत किती जण आहेत हे त्याला क्षणोक्षणी माहीत हवे. दर काही मिनिटांनी तो हाक मारतो आणि उत्तर आले नाही, बोलणे अडखळले, किंवा आतला माणूस उगाच हसू लागला, तर लगेच सगळ्यांना बाहेर बोलावतो. तसे बोलावण्याचा अधिकार त्याला मॅनेजरपेक्षा जास्त आहे, हे सर्वांसमोर सांगा.

आणि तो स्वतः आत जात नाही. काहीही झाले तरी. अमेरिकेच्या 'नायोश' या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडच्या बातम्यांतही तीच साखळी दिसते: एक पडला, दुसरा काढायला उतरला, मग तिसरा. आत पडलेला बहुतेकदा भाऊ, गाववाला किंवा एकाच खोलीत राहणारा असतो. अशा वेळी फक्त 'उतरू नको' असे बजावून माणूस थांबत नाही. त्याच्या हाताला दुसरे काम द्यावे लागते, आणि ते काम म्हणजे विंच (दोर गुंडाळून वजन वर ओढणारे हातयंत्र) फिरवणे.

म्हणून प्रत्येक उभ्या प्रवेशाला मॅनहोलवर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच, आत जाणाऱ्याला आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा हार्नेस (पट्ट्यांचा संच) आणि दोर पाठीच्या वरच्या डी-रिंगला (कडीला) अडकवलेला. कमरेचा पट्टा चालत नाही. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि मॅनहोलमध्ये अडकतो. दोर पहिल्या क्षणापासून जोडलेला हवा. खाली गेल्यावर 'कामात अडथळा होतो' म्हणून तो सोडला जातो, हे पहारेकऱ्याने पाहायचे.

स्वयंपूर्ण श्वसनसंच (पाठीवर हवेचे सिलिंडर असलेला) किती वेळ पुरतो हे पाठ करून घ्या. ६.८ लिटरचे सिलिंडर ३०० बार दाबाला भरले की त्यात सुमारे २०४० लिटर हवा असते. हवा संपत आल्याची शिट्टी ५० बारच्या आसपास वाजते, म्हणजे वापरायला २५० बार. मेहनतीच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरले तर ४२ मिनिटे मिळतात. घाबरलेला माणूस त्याहून बरीच जास्त हवा ओढतो. सिलिंडर २०० बारवर असेल तर हिशेब २५ मिनिटांवर येतो. कापडी मास्क आणि कार्ट्रिजचा मास्क ऑक्सिजन कमी असलेल्या जागेत निरुपयोगी आहेत. ते हवा गाळतात, हवा देत नाहीत.

प्रशिक्षण कसे घ्यावे

हजेरीपत्रकावर सह्या आणि पडद्यावर ४० स्लाइड हे प्रशिक्षण नव्हे. ठेकेदाराचे कामगार मराठी, हिंदी, उडिया, बंगाली बोलणारे असतात. ज्या भाषेत ते भांडतात त्या भाषेत शिकवा. वर्ग अर्धा तास, उरलेला वेळ रिकाम्या, साफ टाकीवर. ७० ते ८० किलो वाळूची पोती हार्नेसमध्ये बांधून तळाशी ठेवा आणि पहारेकऱ्याला एकट्याने ती विंचने वर काढायला लावा. घड्याळ लावा. ऑक्सिजनशिवाय मेंदूला चार मिनिटांत इजा होऊ लागते. पहिल्या सरावात पोती बहुधा मॅनहोलच्या कडेला अडकतात, विंचचा दोर गुंततो, ट्रायपॉडच्या पायाची साखळी राहून गेलेली असते. हे सगळे पोत्यांवर कळलेले बरे. अग्निशमन दल किती लवकर येईल यावर सुटकेची योजना बेतू नका. चार मिनिटांत येणारे दल तुमच्याच पाळीत हजर असले पाहिजे.

मीटर प्रत्येकाच्या हातात द्या आणि अलार्म वाजवून ऐकवा. अलार्म वाजल्यावर काय करायचे याचे एकच उत्तर हवे: हत्यार तिथेच टाकून बाहेर. धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा कामगाराला हक्क आहे, हेही याच वर्गात सांगा आणि कोणाला सांगायचे त्याचे नाव फळ्यावर लिहा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर मोकळ्या हवेत लगेच छातीवर दाब सुरू करा आणि १०८ ला फोन करा. हायड्रोजन सल्फाइडची शक्यता असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, बॅग-मास्क वापरा. रुग्णालयात टाकीत काय होते ते लिहिलेला कागद, शक्यतो सेफ्टी डेटा शीट, सोबत पाठवा. 'गॅस लागला' एवढ्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत.

परमिट बंद करताना

काम संपल्यावर घाई होते आणि इथेही माणसे अपघातात सापडली आहेत. आधी नावे मोजा, मग हत्यारे मोजा, मग आत एकदा दिवा टाकून पाहा. प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढायचे. एखादे कुलूप उरले तर तो माणूस डोळ्यांसमोर आल्याशिवाय ते तोडायचे नाही, मग तो घरी गेल्याचे दहा जणांनी सांगितले तरी. त्यानंतर झाकण, मग यादीतल्या क्रमांकाने एकेक ब्लाइंड काढणे, आणि शेवटचा ब्लाइंड स्टोअरमध्ये जमा झाल्याची नोंद पडल्यावर परमिटवर अखेरची सही.